पुराचा घरविमा: पैसे नेमके कुठे अडतात?

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला लागलं की फोन सुरू होतात, "आज पॉलिसी काढली तर चालेल का?" पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर कुणी पॉलिसी देत नाही, हो. हे काम उन्हाळ्यातलं.

पुरासाठी वेगळा विमा शोधायची गरज नाही. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. त्यात पूर, दरड, आग, भूकंप सगळं मुळातच धरलेलं आहे. अर्ज सोपा, तो कुणीही भरेल.

घोळ होतो तो नावात. घर आजोबांच्या नावावर, घरफाळ्याची पावती वडिलांच्या, पॉलिसी नातवाची. हप्ता घेताना कुणी काही विचारत नाही, पैसे द्यायची वेळ आली की "तुमचा या घराशी संबंध काय?" म्हणून पत्र येतं. चिखल उपसता उपसता वारसनोंदीसाठी खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रॉपर्टी कार्डावर किंवा ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव आजच लावून घ्या.

"बँकेनं विमा काढलाय" म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा उघडून वाचा. कित्येकदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो, भिंतींचा नाही.

विम्याची रक्कम टाकताना जागेचा भाव धरू नका, बांधकामाचा खर्च धरा. समजा, 800 चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि फुटाला 2000 रुपये, तर 16 लाख. त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख 20 हजार, इतकं विमा संरक्षण घरातल्या सामानाला आपोआप मिळतं (कमाल 10 लाख). रोकड आणि गाडी त्यात येत नाही. तळमजल्यावर दुकान असेल तर त्या मालाचा विमा वेगळा.

आता मुदत. नुकसान दिसताच कंपनीला कळवायचं आणि दाव्याचा फॉर्म नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून 30 दिवसांत द्यायचा. तलाठ्याच्या पंचनाम्यापासून नव्हे! पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो झाला म्हणजे विम्याचंही झालं, असं समजून लोक थांबतात आणि महिना उलटतो. कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, वेगळा येतो. तो येईपर्यंत फ्रीज, गाद्या भंगारात देऊ नका. फेकावंच लागलं तर भिंतीवरची पाण्याची रेघ आणि फ्रीजमागची नंबराची पट्टी, दोन्हींचे फोटो आधी काढा.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. कोल्हापूर-सांगलीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. नकाराचं पत्र मात्र सोबत न्या.