तांबेरा बुरशीचे जुने हर्बेरियम नमुने

तांबेरा, म्हणजे पानांवर तांबूस पावडरीचे फोड आणणारा बुरशीचा रोग, पडलेलं पान खुडून, दाबून, वाळवून कागदी पाकिटात ठेवायचं आणि वर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं, झाला हर्बेरियम नमुना. पण तांबेऱ्याच्या बाबतीत अशा पाकिटाला फार मोल आहे, कारण ही बुरशी जिवंत झाडावरच जगते, इतर बऱ्याच बुरश्यांसारखी लॅबमध्ये प्लेटवर सहज वाढत नाही, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीचा तांबेरा बघायचा तर वाळलेलं पानच शोधावं लागतं. आणि त्यात रोग आणि झाड दोन्ही एकत्र असतात, म्हणजे लेबलवर झाडाचं नाव चुकलं असेल तरी पान बघून ते दुरुस्त करता येतं.

जुनी नावं मात्र गोंधळात टाकतात. गव्हावरचा काळा तांबेरा म्हणजे पक्सिनिया ग्रॅमिनिस, आणि बारबेरी या काटेरी झुडपाच्या पानामागचे पेल्यासारखे नारिंगी ठिपके म्हणजे एसिडियम बर्बेरिडिस, अशा दोन वेगळ्या बुरश्या धरून पाकिटं लावली जायची. या दोन्ही एकाच बुरशीच्या अवस्था आहेत हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बॅरी यांनी १८६५ च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं, तरी तशी लेबलं जुन्या संग्रहात अजून भेटतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॉफीच्या तांबेऱ्याचं. सिलोनहून (आजच्या श्रीलंकेतून) आलेल्या रोगट पानांवरून बर्कली आणि ब्रूम या इंग्रज बुरशीतज्ज्ञांनी १८६९ मध्ये हेमिलिया व्हास्टाट्रिक्स हे नाव दिलं. हेमिलिया म्हणजे अर्धी गुळगुळीत, कारण बीजाणूची (बुरशी ज्या सूक्ष्म कणांतून पसरते त्यांची) एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी काटेरी असते, आणि व्हास्टाट्रिक्स म्हणजे उद्ध्वस्त करणारी, जे पुढे अक्षरशः खरं झालं, काही दशकांतच तिथले कॉफीचे मळे गेले आणि चहा आला. बर्कली यांचा बुरशीसंग्रह १८७९ मध्ये लंडनच्या क्यू गार्डनला मिळाला. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाचं आर्थर हर्बेरियम तर खास तांबेऱ्यासाठीच ओळखलं जातं, तिथे एक लाखाच्या वर नमुने आहेत.

आता या पानांतून डीएनए काढतात. तो तुकड्यातुकड्यांत तुटलेला असतो, त्यात झाडाचा आणि नंतर लागलेल्या इतर बुरश्यांचाही मिसळलेला असतो, म्हणून काम किचकट आहे. शिवाय त्यासाठी फोडातली थोडी पावडर किंवा पानाचा तुकडा कायमचा खर्ची पडतो, त्यामुळे संग्रह सांभाळणारे आधी परवानगी मागायला लावतात, अगदी थोडंच देतात, आणि कोणी कधी किती घेतलं याची चिठ्ठी पाकिटातच ठेवतात.