सोलापुरात शेडमध्ये नवा थ्री फेज पॉइंट काढायचाय? लोड वाढ, टेस्ट रिपोर्ट आणि लागणारी कागदपत्रं

आपल्याकडे शेडमध्ये नवीन मशीन उतरली की पहिला फोन वायरमनला, "अरे ये की जरा, एक पॉइंट काढून दे", आणि चहा गार व्हायच्या आत पॉइंट निघतो पण. अक्कलकोट रोडला काय, चिंचोळीला काय, सगळीकडं हेच चालतं. पण नियम काय म्हणतो, तर बल्ब, फ्यूज, स्विच असलं जे आहे ते तसंच बदलायचं असेल तर चालतं, नवीन पॉइंट काढणं किंवा जुन्याची क्षमता वाढवणं हे काम मात्र लायसन असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, त्याचा सुपरवायझर आणि परमिटवाला वायरमन असायला पाहिजे. आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे परमिट नव्हे बरं का, परमिट वेगळं काढावं लागतं, त्यामुळं काम देण्याआधी लायसनची मुदत बघून घ्या, लाजायचं काही कारण नाही.

आता पहिलं काम म्हणजे बिल काढा आणि मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. मग शेडमधल्या सगळ्या मोटारींच्या प्लेटवरचे एचपी एका कागदावर मांडा, एक एचपी म्हणजे 0.746 किलोवॅट. बेरीज मंजूर भाराच्या आत बसत असेल तर महावितरणकडं लोड वाढवायला जायची गरज नाही, कॉन्ट्रॅक्टरकडून पॉइंट काढून टेस्टिंग करून घ्या, झालं. बाहेर जात असेल तर आधी लोड वाढीचा अर्ज, मग मशीन. उलटं केलं आणि तपासणीत सापडलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि वापर कधीपासून चालू होता ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या मागचे 12 महिने धरतात, म्हणजे टॉवेलच्या धंद्यातली वर्षाची कमाई तिकडंच.

अजून एक, 20 किलोवॅट म्हणजे आपले ते 27 एचपी, ही रेघ ओलांडली की दराचा स्लॅब बदलतो आणि केव्हीएवर (म्हणजे ओढलेल्या एकूण लोडवर) डिमांड चार्ज लागतो. दोन एचपीसाठी रेघ ओलांडायची का नाही ते आधी हिशोब करून ठरवा.

अर्ज कोण करू शकतो, तर ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो. अर्धी सोलापूर अजून आजोबांच्या नावाच्या बिलावर चालते, त्यांनी आधी नाव बदलून घ्या, नाहीतर फाइल तिथंच अडकते. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि मालकाचं ना हरकत पत्र, आणि जागेवर जुनी थकबाकी असेल तर ती आधी मिटवायची. बाकी कागदं म्हणजे आधार आणि पॅन, जागेचा पुरावा (उतारा किंवा टॅक्स पावती, एमआयडीसीत प्लॉट असेल तर अलॉटमेंट लेटर नाहीतर लीज), चालू बिल, उद्यम नोंदणी, फर्म असेल तर पार्टनरशिप डीड आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, मशीनची यादी एचपीसकट आणि कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. डाइंग असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र पण जोडा. अर्ज महावितरणच्या वेबसाइटवर होतो, मग जागा बघायला येतात, मग कोटेशन, पैसे भरा, पावती जपून ठेवा. अडलं तर 1912.

टेस्ट रिपोर्टबद्दल जरा बोलतो, कारण इथंच सगळे फसतात. बऱ्याच ठिकाणी तो नुसता सही शिक्का असतो, मशीनला हात न लावता. खरा रिपोर्ट म्हणजे 500 व्होल्टचा मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून एक मिनिट धरायचा आणि रीडिंग एक मेगाओमच्या खाली यायला नको, आणि थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग पट्ट्या पाहिजेत. तुमच्यासमोर मेगर फिरवायला सांगा, पैसे तुम्हीच देताय ना.

माझ्या मावसभावाच्या शेडात 5 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर घरगुती 16 अँपिअरच्या सॉकेटवर लावलेला. 16 गुणिले 230 म्हणजे 3680 वॅट, 5 एचपी म्हणजे 3730, आणि चालू होताना मोटार त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. महिन्याभरात प्लग टॉप पिवळा पडला, मग तपकिरी, एक दिवस पिन वितळून सॉकेटमध्येच चिकटली. वरून लूमचं तूस (सुताचा बारीक कचरा) बसलेलं होतं सगळीकडं, नशीब म्हणायचं.

म्हणून कारखान्यात इंडस्ट्रियल सॉकेटच घ्या, आयएस/आयईसी 60309 वाले. निळं म्हणजे 230 व्होल्ट, लाल म्हणजे 400 च्या आसपासचं थ्री फेज. लाल 16 अँपिअरचं सॉकेट साधारण 11 केव्हीए पेलतं. न्यूट्रल लागत असेल तर पाच पिनचंच घ्या, चार पिनचं घेऊन अर्थच्या पिनेत न्यूट्रल घुसवणारे महाभाग आहेत आपल्याकडं, न्यूट्रल तुटला की मशीनच्या बॉडीला करंट. पाणी असेल तिथं आयपी 67 (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), बाकी आयपी 44, आणि सॉकेटच्या मागं 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच.

मेंटेनन्सला वही ठेवा. तूस काढायचं ते मेन बंद करून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवून, आणि ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तूस उलट आत कॉन्टॅक्टमध्ये जातं. अॅल्युमिनियम केबल असेल तर स्क्रू ढिले होतात, ते सहा महिन्यांनी आवळा, आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. एप्रिल मेमध्ये आपल्याकडं जमीन भेगाळते तेव्हा अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, खड्ड्यात पाणी ओतायचं काम वॉचमनच्या वहीत लिहून टाका.

कुणाला शॉक लागून दुखापत झाली तर ती पुसून टाकायच्या भानगडीत पडू नका, विद्युत निरीक्षकाकडं 24 तासांत कळवायचं असतं, आणि ते येईपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही.