मराठीचा तास, विज्ञानाचा तास आणि एकच कादंबरी : पार्श्वभूमी

मराठीच्या तासाला वाचलेली कुमार कादंबरी विज्ञानाच्या तासालाही उघडायची, ही पद्धत हल्ली नवी म्हणून मांडली जाते. साधारण 8 ते 12 वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अशा कादंबऱ्यांना इंग्रजीत 'मिडल ग्रेड' म्हणतात; आपल्याकडे त्या कुमारसाहित्यात मोडतात. माझ्या मते इथे नवे आहे ते फक्त नाव. गोष्ट आणि सृष्टिज्ञान मुळात वेगळे नव्हतेच. त्यांची फारकत शाळेच्या वेळापत्रकाने केली.

युरोपात याची सुरुवात शाळेबाहेर झाली. पॅरिसचे प्रकाशक हेत्झेल यांनी 1864 मध्ये शिक्षण आणि मनोरंजन यांची सांगड घालणारे नियतकालिक काढले आणि ज्यूल व्हर्न यांच्या अनेक कादंबऱ्या त्यात क्रमशः आल्या. भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान, खगोल असे त्या काळाचे सारे ज्ञान प्रवासकथेत गुंफायचे, हा त्यामागचा उघड हेतू होता. स्वीडनमध्ये तर शिक्षक संघटनेनेच भूगोलाचे वाचनपुस्तक लिहून मागितले आणि सेल्मा लागरलोफ यांनी 1906-07 मध्ये दिली ती हंसाच्या पाठीवरून देश पाहणाऱ्या नील्स नावाच्या मुलाची कादंबरी.

मराठीत ज्ञान आधी निबंधरूपाने आले, आणि ते आणणाऱ्यांत कोकणचा माणूस अग्रभागी होता. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 1840 मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू करून त्यातून विज्ञान आणि भूगोल मराठी वाचकांपर्यंत नेले. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 पासून 'बालबोध' मासिक चालवले, तेव्हा चरित्र, कविता आणि शास्त्रीय माहिती मुलांच्या एकाच अंकात नांदू लागली. पण नांदली ती शेजारशेजारच्या पानांवर. ती एका कथेत मिसळायला बराच काळ जावा लागला. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, आणि 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या कथेपासून त्यांची विज्ञानकथा वाचकांपुढे आली.

व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीतला एक प्रसंग कोकणातल्या वर्गासाठीच लिहिला असावा असे वाटते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीत पाणबुडी प्रवाळाच्या खडकावर रुतते, तीही ऐन भरतीच्या वेळी. कप्तान नेमो मात्र शांत असतो. पाच दिवसांनी पौर्णिमा आहे, तेव्हाचे पाणी बोट उचलेल, असा त्याचा हिशेब आहे. पुढची भरती तर साडेबारा तासांच्या आत येणार, मग तो पाच दिवस का थांबतो? शहरातल्या मुलाला हे समजावून सांगावे लागते. खाडीकाठचे पोर मात्र चटकन 'उधाणाची वाट बघतोय' म्हणेल, कारण अष्टमीच्या सुमाराची, कमी चढणारी भांगाची भरती आणि पौर्णिमा-अमावास्येचे उधाण यांतला फरक त्याने धक्क्याच्या पायऱ्यांवर पाहिलेला असतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा का येते, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की पाणी जास्त का चढते, हे विज्ञान इथून पुढे सहज शिकवता येते. नेमोची शांतता आणि बोटीवर अडकलेल्या पाहुण्यांची घालमेल लेखकाने शेजारीशेजारी का ठेवली, हा प्रश्न साहित्याचा. दोन्ही उत्तरे एकाच पानावर आहेत.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी यांचे 'श्यामची आई' 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. ती कादंबरी की आत्मकथन, हा वाद इथे बाजूला ठेवतो. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत पोहायला पाठवते, हा प्रसंग संस्कारकथा म्हणून पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. कोकणात नवशिक्याच्या अंगाला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत सोडत. तो का तरंगतो, हे बादलीभर पाण्यात दाखवता येते. पण आईच्या मारामागची माया मुलांना कळण्याआधी भोपळा पुढे आणला, तर धडाही हातचा जातो आणि प्रयोगही. क्रम महत्त्वाचा आहे: श्यामची भीती आधी मुलाची भीती व्हावी, मग प्रश्न त्याचा तोच विचारतो. कादंबरी पिळून माहिती काढण्याची घाई झाली, तिथे ही पद्धत फसते.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडण्याचा आग्रह धरला आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने विषयांमधल्या भिंती कमी करण्याची भाषा केली, त्यामुळे आता या वाचनाला धोरणाचा आधार आहे. मला उणीव जाणवते ती पुस्तकांची. कांदळवन, जांभ्या खडकाचे उघडे पठार म्हणजे सडा, रापणीचे जाळे ओढणारी माणसे यांच्यात घडणारी दीर्घ कुमार कादंबरी मराठीत अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही.

तोवर आहे त्यावरही बरेच करता येते. पालगडच्या वायव्येला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. 2002 पासून तिथे त्यांची घरटी राखली जातात. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. 'श्यामची आई'त 42 रात्री, म्हणजे प्रकरणे, आहेत. घरटे सापडल्याच्या दिवशी पहिली रात्र वाचायला घेतली आणि रोज एक वाचत गेले, तर पुस्तक संपल्यावर वर्गाला किनाऱ्यावर जायला वेळ उरतो.