क्रूरता (घटस्फोटाचे कारण)

जोडीदाराने लग्नानंतर केलेली शारीरिक वा मानसिक छळवणूक. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३(१)(आय-ए) नुसार पती किंवा पत्नी या कारणावरून घटस्फोट मागू शकते. ‘कौटुंबिक हिंसाचार’ असे स्वतंत्र कारण या कायद्यात नाही. मारहाण, हुंड्यासाठीचा तगादा, उपाशी ठेवणे, घराबाहेर काढणे हे सगळे क्रूरतेखालीच मांडावे लागते.

मूळ कायद्यात क्रूरतेवरून फक्त न्यायिक विभक्तता (लग्न न मोडता वेगळे राहण्याची मुभा) मिळे. त्यासाठीही जोडीदारासोबत राहणे अपायकारक ठरेल, अशी रास्त भीती दाखवावी लागे. मार खाणाऱ्या बाईला वेगळे राहता येई, पण लग्नातून थेट सुटता येत नसे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता थेट घटस्फोटाचे कारण झाली आणि भीतीची ती अटही गेली.

पुण्यात दाखल झालेला ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा दावा या विषयात आजही आधारभूत मानला जातो. अर्ज पतीचा होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. क्रूरता फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करण्याची गरज नाही, संभाव्यतेचे पारडे ज्या बाजूला झुकते ते पुरे, हे त्यात ठरले. छळाची साक्ष बहुधा चार भिंतींबाहेर जात नाही, म्हणून या निकषाचे मोल मोठे आहे.

याच निकालातला दुसरा मुद्दा माफीचा. कलम २३ नुसार अर्जदाराने क्रूरता माफ केली असेल, तर त्या कारणावर घटस्फोट मिळत नाही. त्यामुळे ‘मी पुन्हा नांदायला गेले, आता माझी बाजू संपली’ असे अनेकींना वाटते. ते खरे नाही. माफी सशर्त असते. छळ पुन्हा सुरू झाला, तर माफ केलेली जुनी वागणूकही न्यायालयापुढे मांडता येते. मुलांसाठी, माहेरच्यांच्या आग्रहाने किंवा दुसरा आसरा नाही म्हणून परतलेल्या बाईला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

‘शोभा राणी’ (१९८८) खटल्यात हुंड्याची मागणी ही क्रूरता ठरली, तर ‘समर घोष’ (२००७) खटल्यात मानसिक क्रूरतेची उदाहरणे दिली गेली. ती यादी परिपूर्ण नाही, असे न्यायालयानेच नमूद केले आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ घटस्फोट देत नाही. तो संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि भरपाई देतो. आर्थिक कोंडीलाही तो हिंसाच म्हणतो. कलम २६ मुळे हे आदेश घटस्फोटाच्या दाव्यातही मागता येतात. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यातली साधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) सुद्धा पुढे पुरावा म्हणून कामी येते.

विशेष विवाह कायदा, मुस्लिम विवाह विच्छेद कायदा (१९३९), ख्रिस्ती व पारशी विवाहांचे कायदे यांतही क्रूरतेचे कारण आहे. गोव्यात १९१० च्या पोर्तुगीज कायद्यात दुर्वर्तन व गंभीर अवमान हे कारण आहे.

हिंदू विवाह कायद्यानुसार लग्नाला वर्ष होण्याआधी अर्ज करता येत नाही, मात्र असाधारण हालअपेष्टा असल्यास न्यायालय परवानगी देऊ शकते. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. सासरच्या गावी तारखांना खेटे घालावे लागत नाहीत.