लोखंड जड की लाकूड?

लहान मुलांना हा प्रश्न विचारून बघा. फारसा विचार न करता उत्तर येतं, लोखंड. मग एका तळहातावर छोटा खिळा ठेवा आणि दुसऱ्यावर लाकडाचा चांगला मोठा ठोकळा. मूल क्षणभर गोंधळतं, मग तक्रार करतं, ‘असं नाही चालणार, दोन्ही सारख्या आकाराचे घ्या!’

तक्रार अगदी रास्त आहे. वजन खिळ्याचं असतं, लोखंडाचं नव्हे. लांबी, आकार, टोक हे सगळं त्या एका खिळ्याचं. खिळा कापून दोन तुकडे केले की वजन निम्मं, लांबी निम्मी, टोक एकाच तुकड्याकडे. पण चुंबक दोन्ही तुकड्यांना ओढेल, दोन्ही गंजतील आणि दोन्ही १,५३८ अंश सेल्सिअसलाच वितळतील. कापल्यावर जे वाटलं जात नाही, ते लोखंडाचं. वस्तूचे गुण आणि पदार्थाचे गुणधर्म वेगळे काढायला ही कापाकापीची कसोटी मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा सोपी वाटते.

सारखा आकार घेऊन वजन बघायचं, यालाच पुढे आपण घनता म्हणतो. एक घन सेंटीमीटर पाणी घेतलं तर ते १ ग्रॅम भरतं. तेवढंच लोखंड ७.९ ग्रॅम, शिसं ११.३, पारा १३.६ आणि सोनं १९.३ ग्रॅम. हे आकडे पाठ करायचे नाहीत, त्यांचा क्रम बघायचा. पाण्यात बुडणारा लोखंडी खिळा पाऱ्यावर मजेत तरंगतो. बर्फाची घनता ०.९२, म्हणजे पाण्यापेक्षा थोडीच कमी, म्हणून तो जेमतेम डोकं वर काढून तरंगतो आणि बाकीचा सगळा पाण्याखाली.

घनता म्हटलं की आर्किमिडीज आणि त्याने पकडलेली राजाच्या सोन्याच्या मुकुटातली भेसळ आठवतेच. (ती गोष्ट आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाने सांगितलेली आहे, त्यामुळे थोडं मीठ-मसाला धरूनच ऐकावी.) हिशोब मात्र पक्का आहे. एक किलो सोनं पाण्यात बुडवलं तर सुमारे ५२ मिलिलिटर पाणी बाजूला सरतं, एक किलो चांदीने सुमारे ९५. सोन्यात चांदी मिसळली की वजन जुळवता येतं, पण पाणी चुगली करतं.

मला त्याहून आवडते ती इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची गोष्ट. ते वायूंची घनता मोजत होते. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरायचा, तर रासायनिक क्रियेतून मिळवलेला १.२५१. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कोणी मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिला असता. पण घनता ही पदार्थाची ओळख असेल, तर एकाच पदार्थाच्या दोन घनता कशा? रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी पिच्छा पुरवला आणि १८९४ मध्ये हवेत लपलेला एक नवाच वायू हाती लागला. तो आरगॉन. हवेत तो जवळपास एक टक्का आहे, आणि तोवर कोणाला त्याचा पत्ताच नव्हता.

आता काठिण्य. इथे भाषाच आपला घोटाळा करते. ‘कडक’ हा एकच शब्द आपण काचेला, दगडाला आणि पोलादाला लावतो. विज्ञानात कठीण म्हणजे ज्यावर ओरखडा उठवणं अवघड. १८१२ मध्ये खनिजांचे जर्मन अभ्यासक फ्रीडरिश मोस यांनी दहा खनिजांची उतरंड लावली. सगळ्यांत खाली शंखजिरे, मग जिप्सम, सातव्या पायरीवर गारगोटी, नवव्यावर कुरुंद, दहाव्यावर हिरा. वरच्याने खालच्यावर ओरखडा काढायचा, एवढंच. आपलं नख दोन आणि तीनच्या मध्ये येतं, म्हणून जिप्समवर ते ओरखडा काढतं. या पायऱ्या सारख्या उंचीच्या मात्र नाहीत. कुरुंद नऊ आणि हिरा दहा असला, तरी प्रत्यक्षात हिरा कित्येक पट कठीण आहे.

आणि तोच हिरा हातोडीच्या एका नेमक्या घावाने फुटतो! कारण न ओरखडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हिरा कठीण आहे, पण ठिसूळ. पोलाद त्याच्यापेक्षा मऊ, पण चिवट. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइटही हिऱ्यासारखंच निव्वळ कार्बनचं, पण इतकं मऊ की कागदावर घासलं जातं. अणू तेच, रचना वेगळी. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हेही इथेच सांगून टाकतो.)

स्पर्शावर तर अजिबात विश्वास ठेवू नये. रात्रभर एकाच खोलीत ठेवलेला धातूचा चमचा आणि लाकडी पट्टी सकाळी हातात घ्या. चमचा गार लागतो. तापमापीला विचारलं तर दोघांचं तापमान सारखंच. आपली त्वचा तापमान मोजत नाही, अंगातली उष्णता किती वेगाने निघून जाते आहे ते मोजते. धातू ती भराभर ओढून नेतो, लाकूड रेंगाळत नेतं. तांबं लाकडापेक्षा हजारो पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे. याची परीक्षा घ्यायची तर बर्फाचे दोन सारखे खडे घ्या, एक धातूच्या ताटलीवर ठेवा आणि एक लाकडी फळीवर. आधी मुलांकडून अंदाज घ्या. बहुतेक जण म्हणतील, ताटली गार आहे म्हणजे तिथला बर्फ टिकेल. टिकत नाही, तोच आधी वितळतो.

द्रवणांकाबद्दल, म्हणजे पदार्थ ज्या तापमानाला वितळतो त्याबद्दल, फार लिहीत नाही. गॅलियम २९.८ अंशांना, म्हणजे चक्क तळहातावर वितळतं आणि टंगस्टनला ३,४२२ अंश लागतात, यातच त्याची व्याप्ती आली. उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, मात्र हवेच्या दाबावर अवलंबून असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी साधारण ७० अंशांनाच उकळतं.

विरघळण्याबद्दल एक खोड मोडायला हवी. मीठ पाण्यात ‘नाहीसं होतं’ असं मुलं म्हणतात. तराजूला ते मान्य नाही. १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवलं तर द्रावण १२० ग्रॅमच भरतं आणि पाणी उडून गेलं की मीठ परत समोर. यावरून ‘जे परत मिळवता येतं तो भौतिक बदल, जे मिळत नाही तो रासायनिक’ असा नियम सांगतात, तो मला पटत नाही. फुटलेली काच पूर्वीसारखी जुळत नाही, तरी ती काचच असते. तीच काच कुटून पूड केली की पांढरी दिसते, कारण असंख्य बारीक कडांवरून प्रकाश विखुरतो. म्हणजे कापाकापीच्या कसोटीत रंग कच्चा निघाला.

मग कसोटी किती दूरवर चालते? सोनं कापत राहू. ठोकून ठोकून त्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ करता येतो. तो उजेडासमोर धरला की पलीकडून येणारा प्रकाश हिरवट दिसतो. आणखी बारीक, डोळ्याला न दिसणारे कण केले आणि पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखं लाल होतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये असं पाणी तयार केलं होतं. कण आणखी लहान झाले की ते सोन्याच्या नेहमीच्या १,०६४ अंशांच्या द्रवणांकाच्या कितीतरी आधीच वितळू लागतात. आणि अगदी शेवटी, एकच अणू उरला की त्याला ना पिवळा रंग, ना काठिण्य, ना द्रवणांक. वितळायला निदान शेजारी तरी हवेत.