टूरिंग मोटारसायकलची बदली विंडशील्ड

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवर मूळ विंडशील्ड काढून तिच्या जागी चालकाच्या उंचीला, बसण्याच्या पद्धतीला आणि नेहमीच्या वेगाला जुळणारी बसवली जाते, ती बदली विंडशील्ड. १९७५ साली आलेली होंडाची गोल्डविंग जीएल१००० उघडीच होती. अमेरिकेतले चालक तिला डिझायनर क्रेग व्हेटर यांचे विंडजॅमर फेअरिंग, म्हणजे विंडशील्डसह पुढचे वारा अडवणारे कवच, बाहेरून घेऊन लावत. कारखान्यातूनच फेअरिंग घेऊन येणारी गोल्डविंगची इंटरस्टेट आवृत्ती १९८० मध्ये आली. तरी बाहेरच्या विंडशील्डची गरज संपली नाही, कारण कंपनी एक माप ठरवते आणि गाडीवर साडेपाच फुटांचा माणूसही बसतो, सहा फुटांचाही.

निवडीत सर्वांत महत्त्वाची उंची. नेहमीच्या ढबीत, हेल्मेट घालून बसल्यावर वरची कड डोळ्यांच्या रेषेखाली दोन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण नाकाच्या पातळीवर यावी. रस्ता विंडशील्डच्या वरून दिसला पाहिजे, आरपार नव्हे. पावसात किंवा रात्री समोरच्या दिव्यांचा झोत ओल्या, किडे चिकटलेल्या प्लास्टिकवर फुटला की पुढचे काहीच दिसत नाही. मुंबई-गोवा मार्गावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. गडद रंगाची विंडशील्ड म्हणूनच आखूडच बरी. कड बाहेर वळवलेली असेल तर वारा आणखी वर फेकला जातो आणि कमी उंचीत भागते.

मोठी विंडशील्ड म्हणजे जास्त आराम, हा समज मात्र खरा नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. मोठ्या विंडशील्डमागे हवेचा दाब कमी होतो, कडेवरून सुटलेले भोवरे त्या पोकळीत ओढले जातात आणि हेल्मेटवर आदळतात. मोकळ्या रस्त्यावर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जरासे उठून पाहावे: डोक्याची थरथर थांबून सरळ वारा लागला, तर भोवरा नेमका बसल्या उंचीवर आहे. अशा वेळी उंची वाढवण्याआधी विंडशील्ड किंचित आखूड करून, तिचा कोन बदलून किंवा खालून हवा आत घेणारी झडप असलेली विंडशील्ड लावून पाहणे शहाणपणाचे. हँडलवर बसणारी विंडशील्ड वाऱ्याचा धक्का थेट स्टिअरिंगला देते; फ्रेमवर बसणारी देत नाही. आडव्या वाऱ्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

साहित्य दोन प्रकारचे. ॲक्रिलिक स्वच्छ दिसते आणि पॉलिशने उजळते, पण आदळले की तडकते. पॉलिकार्बोनेट दगडाचा मार सोसते, मात्र त्यावर कडक लेप नसेल तर लवकर ओरखडे पडतात. खडी उडणाऱ्या रस्त्यांसाठी लेप दिलेले पॉलिकार्बोनेटच घ्यावे.

बसवताना बोल्टखाली रबरी वॉशर हवेतच. उन्हात प्लास्टिक प्रसरण पावते. बोल्ट करकचून आवळला तर भोकापासून तडा जातो. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉकर प्लास्टिकला लागू देऊ नये, तेही तडे पाडते. अमोनियायुक्त काच-क्लीनर आणि पेट्रोलही वर्ज्य. वाळलेले किडे ओल्या फडक्याखाली काही मिनिटे भिजू द्यावेत आणि मग हलक्या हाताने, भरपूर पाण्याने पुसावेत.