हँडलवरचा बाण कोणाच्या डोक्याने चालतो?

ताम्हिणी घाटात पावसाळ्यात मोबाइलचं नेटवर्क जातं, ही काही नवी बातमी नाही. आम्ही दिवेआगरला निघालो होतो, दोन बाइक. मित्राची गाडी नवी कोरी, मीटरमध्येच नॅव्हिगेशन असलेली. पौडपासून तो मला ऐकवत होता, "तुला मान खाली घालून फोन बघावा लागतो, माझ्या गाडीत जीपीएस इनबिल्ट आहे." घाटात धबधब्यापाशी थांबलो, भजी झाली, फोटो झाले. परत गाड्या सुरू केल्या तर त्याच्या मीटरवर बाण नाही, नुसतं घड्याळ. फोटोंच्या गडबडीत फोनवरचं ॲप बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू केलं, तर रस्ता शोधायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट तर मुळशीच्या अलीकडेच राहिलेलं.

विळ्याच्या फाट्यावर तो थांबला. एक रस्ता सुतारवाडीवरून कोलाडला जातो, दुसरा निजामपूरवरून माणगावला. आम्हाला माणगाव हवं होतं. माझ्या हँडलवर पाच वर्षं जुना, काचेला तडा गेलेला फोन होता. त्यात सिमकार्डसुद्धा नव्हतं. तरी त्यातला निळा ठिपका बरोबर फाट्यावर उभा होता.

"अरे, तुझ्यात सिम नाही तरी चालतं कसं?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. दुकानात, शोरूममध्ये, ग्रुपवर सगळीकडे "नॅव्हिगेशन" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दोन्ही हँडलपाशी बसतात, दोन्हींवर बाण दिसतो. फरक एवढाच की एकीला स्वतःचं डोकं असतं आणि दुसरी निरोप्या असते.

आधी निरोप्याचं बघू, कारण नव्या गाड्यांमध्ये बहुतेक तोच असतो. रॉयल एनफिल्डने 2020 च्या नोव्हेंबरात मिटिअर 350 बरोबर ट्रिपर नावाची छोटी गोल तबकडी आणली, तेव्हापासून आपल्याकडे हा प्रकार घरोघरी पोचला. टीव्हीएस, सुझुकी यांच्या स्कूटरच्या मीटरमध्येही तसंच काही ना काही असतं. यात आपण कुठे आहोत हे ओळखणं, नकाशा, रस्त्याचा हिशेब, सगळं खिशातला फोन करतो. तो ब्लूटूथवरून मीटरला एवढंच कळवतो, की पुढचं वळण डावीकडे, 400 मीटरवर. मीटर बिचारा बाण काढतो. ब्लूटूथच्या या अरुंद बोळातून आख्खा नकाशा जाणं अवघड, म्हणून नुसता बाण आणि आकडा. 2023 मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या हिमालयन 450 वर पूर्ण नकाशा दिसतो, पण तोही फोनमधूनच वाय-फायने पडद्यावर येतो. पडदा मोठा झाला, पण डोकं अजून खिशातच आहे. उलट फोन आता जास्त राबतो, तापतो आणि बॅटरी खातो.

दुसरीकडे स्वतःचं डोकं असलेलं स्वतंत्र यंत्र. त्याचं उदाहरण म्हणजे गार्मिन कंपनीचं झुमो. 2020 मध्ये आलेल्या झुमो एक्सटीचा पडदा साडेपाच इंची आहे. उपग्रहांचे संदेश ते स्वतः पकडतं, नकाशा त्याच्याच पोटात असतो आणि रस्ताही तेच शोधतं. फोन घरी विसरलात तरी त्याचं काही अडत नाही.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ, कारण खरी गल्लत तिथेच आहे. जीपीएस आणि इंटरनेट या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. यंत्र फक्त ऐकतं, रेडिओसारखं. कमीत कमी चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. यात सिम, डेटा पॅक, टॉवर यांचा काही हात नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, ठिकाण शोधायला, रस्ता आखायला आणि पुढची वाहतूक कळायला. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल, तर साधा फोनसुद्धा पहिल्या जातीचा होतो, डोकं असलेला. माझ्या तडा गेलेल्या फोनमध्ये आख्खा रायगड जिल्हा आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उतरवलेला होता. गुगल मॅप्समध्ये ही सोय आहे, ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप तर बनवलेलीच बिननेटच्या वापरासाठी.

नेटवर्कचा एक उपयोग मात्र खरा आहे. उपग्रह कुठे असतील याची ताजी माहिती फोन नेटवरून झटकन उचलतो, म्हणून ठिपका लगेच सापडतो. नेट नसेल तर ती माहिती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते. एका उपग्रहाचा तपशील पूर्ण यायला अर्धा मिनिट जातं आणि सगळ्यांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. त्यामुळे महिनोन्महिने कपाटात पडलेलं स्वतंत्र यंत्र बाहेर काढलं की पहिल्यांदा बराच वेळ घेतं. बिघडलं म्हणून परत करू नका. उघड्यावर ठेवा आणि चहा मागवा.

मग एवढं महागडं वेगळं यंत्र कशाला घ्यायचं? ऊन, पाऊस आणि कंपन या तीन गोष्टींसाठी. नकाशा हे त्याचं कारण नाही.

पावसाचं आधी सांगतो, कारण सह्याद्रीत गाडी चालवणाऱ्याला तोच पहिला भेटतो. फोनच्या काचेवर थेंब पडला की फोनला वाटतं बोट लागलं. नकाशा आपोआप मोठा होतो, सरकतो, मध्येच कुणालातरी फोन लागतो. माझा एकदा भर पावसात थेट सासूबाईंना लागला होता. प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घातला तर आतून वाफ धरते. पुढची कटकट चार्जिंगची. पोर्टमध्ये ओल गेली की फोन इशारा देऊन चार्जिंगच थांबवतो, आणि नेमकं तेव्हाच बॅटरी 12 टक्क्यांवर आलेली असते. स्वतंत्र यंत्र हातमोज्यांसकट चालतं, त्याची वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडलेली असते, पाण्याचं मानांकन आयपीएक्स 7 असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरायची तयारी.

उन्हाची गंमत उलटी आहे. हल्लीच्या चांगल्या फोनचे पडदे उजेडात या यंत्रांनाही भारी पडतात. पण ते गार असेपर्यंतच. आयफोन वापरायचं तापमान ॲपल 35 अंशांपर्यंत सांगते. एप्रिलात नागपूर-अमरावती रस्त्यावर, काळ्या कव्हरमध्ये, चार्जिंग चालू असलेला फोन किती तापत असेल? जीव वाचवायला तो स्वतःचा उजेड कमी करतो आणि ऐन चौकात काच काळी दिसायला लागते.

कंपनाबद्दल तर ॲपलनेच 2021 च्या सप्टेंबरात लिहून सांगितलं, की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलवरून फोनपर्यंत पोचली तर कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते. त्यामुळे ज्या फोनने घरचे फोटो काढता तो हँडलवर लावू नका. लावायचाच असेल तर कंपन शोषणारा माउंट घ्या, आणि शक्यतो जुना फोन लावा.

निरोप्याच्या बाजूनेही बोलायला हवं. मला तो मुळीच वाईट वाटत नाही. शहरात तर तोच उत्तम. फोन खिशात सुरक्षित, पावसात भिजत नाही, सिग्नलला कुणी हिसकावत नाही, आणि नुसता बाण असल्यामुळे नजर रस्त्यावर राहते. स्वतंत्र यंत्राला "ती मिसळवाली मावशी, बसस्टँडच्या मागे" सापडत नाही, फोनला सापडते. वाहतुकीचा ताजा हाल सांगायलाही यंत्राला शेवटी फोनच जोडावा लागतो.

लेहला निघालेल्यांसाठी एक सूचना. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. निरोप्या मीटरवर भिस्त ठेवून गेलात आणि नकाशा आधी उतरवला नसेल, तर मीटरवर तापमान आणि वेळ तेवढी बघत बसाल. मित्राने पाठवलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे त्याची वाट साठवलेली फाइल, तिथे कामाला येते. मात्र त्यातही दोन जाती आहेत. "ट्रॅक" म्हणजे तो गेला त्या वाटेचे पायाचे ठसे, जसेच्या तसे. "रूट" म्हणजे मोजके थांबे, मधला रस्ता तुमचं यंत्र स्वतःच्या मर्जीने जोडतं. त्याने नदीतून गाडी घातली असेल आणि तुम्हाला पुलावरून जायचं असेल, तर हा फरक महाग पडतो.

कोणतंही डोकं वापरा, पण त्याला तुम्ही दुचाकीवर आहात हे सांगा. गुगलने दुचाकीचा वेगळा मोड 2017 च्या डिसेंबरात पहिल्यांदा भारतातच आणला. यंत्र कारच्या मोडवर राहिलं तर ते तुम्हाला खुशाल मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर, समृद्धीवर नाहीतर अटल सेतूवर काढेल, आणि तिन्हीकडे दुचाकीला बंदी आहे.

पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात, नुसतं "जीपीएस दाखवा" म्हणालात, तर दुकानदार भलतंच काढेल. सीटखाली लपवायची काळी डबी, सिम घातलेली. तो ट्रॅकर. गाडी चोरीला गेली तर कुठे आहे ते सांगतो. तुम्ही हरवलात तर त्याचा काही उपयोग नाही.

मी स्वतः काय वापरतो? जुना फोन, उतरवलेला नकाशा, रबरी बूच असलेला चार्जर. पावसाळ्यातल्या दोन-तीन लांबच्या राइड सोडल्या तर एवढ्यावर भागतं. वर्षातून दोनदा लांब जाणाऱ्याने स्वतंत्र यंत्र घ्यावं असं मला वाटत नाही. दर शनिवारी घाटात असणाऱ्याने जरूर घ्यावं.

आणि नवी गाडी बघायला जाल तेव्हा सेल्समनला "यात जीपीएस आहे का" असं विचारू नका, तो "आहे ना" म्हणणारच. टेस्ट राइडला मीटरवर रस्ता लावून घ्या, पहिल्या चौकाआधी कडेला थांबा आणि खिशातला फोन सरळ बंद करा. मग चौक ओलांडून मीटरकडे बघा.